शिवड्याची मोजदाद आधी, मत्स्यबीज मग

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर वैनगंगेच्या एका घाटावर मत्स्यबीज सोडण्याच्या कार्यक्रमाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. पाण्यात सोडलेली बोटुकली कटला, रोहू आणि मृगळ या तीन जातींची होती आणि नदीतील घटलेली मासळी त्यामुळे पूर्ववत होईल, असे बातमीत म्हटले होते. हा कार्यक्रम करणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु नदीतून नेमका कोणता मासा घटला, किती घटला आणि जो उरला आहे तो धडधाकट आहे की नाही, हे सांगणारी नोंद हाती नसताना ‘पूर्ववत’ या शब्दाचा अर्थ कशावरून लावायचा, हा प्रश्न मला पडला. म्हणून नदीतील शिवडा या माशाच्या मोजणीविषयी हे पत्र लिहीत आहे.

मी धिवर कुटुंबातील आहे आणि कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. माझे वडील डोंग्यावरून जाळे टाकीत आणि आई अड्याळच्या बाजारात टोपले घेऊन बसे. त्या टोपल्यात सर्वांत वर ठेवला जाणारा मासा म्हणजे शिवडा. काही गावांत त्यालाच पढीन म्हणतात. शास्त्रीय नाव वॅलॅगो अट्टू. अंगावर खवले नाहीत, तोंडाची फाट डोळ्याच्याही मागे जाते, वरच्या जबड्याला दोन लांब मिशा असतात आणि पोटाखालचा पर जवळजवळ शेपटीपर्यंत पोहोचतो. पूर्ण वाढला तर तो एक मीटरहून लांब होतो. दिवसा काठाच्या कपारीत किंवा डोहाच्या तळाशी पडून राहतो आणि रात्री लहान मासे खात फिरतो. नदीतल्या अन्नसाखळीत तो वरच्या टोकाला आहे, त्यामुळे खालच्या साखळीत जे काही बिघडते त्याचा हिशेब शेवटी त्याच्या अंगावर उतरतो. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद आता ‘असुरक्षित’ या वर्गात आहे. संख्या घटल्याच्या आधारे एखाद्या जातीला या वर्गात घालायचे, तर दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांच्या काळात, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, ती किमान ३० टक्क्यांनी कमी झाल्याचा अंदाज असावा लागतो. ही यादी त्या जातीच्या संपूर्ण प्रसाराचा विचार करते. पवनी, लाखांदूर, ब्रह्मपुरी किंवा चामोर्शीच्या घाटांवर काय चालले आहे हे ती सांगत नाही, आणि ते सांगणे तिचे कामही नाही. ते काम आपले आहे.

शिवडा कमी झाला, हे कोणत्याही घाटावरचा म्हातारा धिवर सांगेल. मी त्या सांगण्याला पुरावा मानते, कारण चाळीस-पन्नास वर्षे एकाच पाण्यात जाळे टाकणाऱ्या माणसाची स्मृती ही फुकटची गोष्ट नाही. पण त्या स्मृतीवर धोरण आखायचे तर तिला आकड्याची जोड हवी, आणि आकडा मागायला गेले की अडचण सुरू होते. एका कार्यालयात मी मासळीच्या वार्षिक नोंदी पाहिल्या. त्यांत कटला, रोहू, मृगळ यांचे रकाने होते आणि शेवटी ‘इतर’ असा एक रकाना होता. शिवडा, मरळ, वाम, शिंगाडा आणि झिंगे हे सगळे त्या एका रकान्यात, टनांमध्ये. तलाव आणि जलाशयांतील सोडलेल्या माशांचे उत्पादन आणि वाहत्या नदीतील मासे यांचीही एकच बेरीज होती. अशा नोंदीत नदीतला शेवटचा शिवडा संपला तरी बेरीज वाढलेलीच दिसू शकते, कारण कटल्याचे बीज दरवर्षी विकत आणून सोडले जाते. तेथील कर्मचाऱ्यांनी मला सौजन्याने वागवले. त्यांच्या हातातला नोंदीचा छापील नमुनाच तसा होता. दोष नमुन्याचा आहे, म्हणून तो बदलण्याची मागणी मी करीत आहे.

शिवड्याची मोजणी कशी करता येईल, हे थोडे विस्ताराने सांगण्याची परवानगी द्यावी. मासे पाण्याखाली असतात, ते मोजता येत नाहीत, असे म्हणून हा विषय नेहमी बाजूला सारला जातो. वस्तुतः त्यांच्या मोजणीची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. काही मासे पकडायचे, त्यांना खूण करायची, जिवंत सोडायचे, ते पुन्हा मिसळले की दुसऱ्यांदा जाळे टाकायचे आणि त्यात खुणेचे किती आले ते पाहायचे. समजा, एका डोहात २०० मासे खूण करून सोडले आणि पुढच्या खेपेला पकडलेल्या १०० माशांत खुणेचे १० निघाले. म्हणजे डोहातील दर दहा माशांत एक खुणेचा आहे आणि एकूण मासे सुमारे २,००० आहेत. हे गणित आठवीतल्या मुलालाही समजते. अवघड असतात त्या त्याच्या अटी. दोन खेपांच्या मध्ये बाहेरून मासा आत येता कामा नये आणि आतला बाहेर जाता कामा नये, खूण गळून पडता कामा नये, आणि खूण केलेला मासा घाबरून जाळे चुकवू लागता कामा नये.

यातली पहिली अट वाहत्या नदीत पाळणे जवळजवळ अशक्य, असे पुस्तक सांगते. परंतु आपल्या नद्यांचा उन्हाळा पुस्तकाने पाहिलेला नाही. चुलबंद, गाढवी, बावनथडी यांसारख्या उपनद्यांत वैशाखाच्या सुमारास प्रवाह तुटतो आणि रेतीच्या पट्ट्यांनी वेगळे झालेले डोह मागे उरतात. प्रत्येक डोह म्हणजे काही आठवड्यांसाठी कुलूप लावलेले भांडेच होय. मृगाचा पाऊस पडून डोह पुन्हा एकमेकांना मिळेपर्यंत आतला मासा आत राहतो. खूण करून मोजण्यासाठी याहून योग्य काळ वर्षात दुसरा नाही. माझ्या मते मोजणीची सुरुवात वैनगंगेच्या रुंद पात्रात न करता या उपनद्यांच्या डोहांत करावी. तेथे येणारा आकडा लहान असेल, पण त्यावर विसंबता येईल. मुख्य पात्रात धरणातून पाणी केव्हा सुटेल याचा नेम नसल्यामुळे तेथे वेगळी रीत लागेल.

ती रीत म्हणजे श्रमाच्या हिशेबात मासा मोजणे. किती मीटर जाळे, किती आसाचे (म्हणजे जाळ्याचे डोळे केवढे), किती तास पाण्यात होते आणि त्यात किती शिवडे लागले, हे प्रत्येक वेळी लिहायचे. नुसते ‘आज चार शिवडे मिळाले’ या वाक्यातून काहीच कळत नाही. एका रात्रीत एका जाळ्याला मिळाले की तीन रात्रींत दहा जाळ्यांना, यावर सगळे अवलंबून आहे. सुती जाळी जाऊन तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या धाग्याची, बारीक, पाण्यात न दिसणारी जाळी आली, तेव्हापासून त्याच माणसाला त्याच वेळेत अधिक मासा लागू लागला. म्हणून जुन्या आणि नव्या मिळकतीची, म्हणजे जाळ्यात मिळालेल्या मासळीची, तुलना करताना जाळे बदलले की नाही, हे विचारलेच पाहिजे. मोजणीसाठी सर्व घाटांवर एकाच लांबीची आणि एकाच आसाची जाळी द्यावी लागतील आणि ती दरवर्षी त्याच पंधरवड्यात टाकावी लागतील.

या रीतीत एक फसगत आहे, आणि तिच्याविषयी मला सर्वाधिक काळजी वाटते. उन्हाळ्यात पाणी आटते तसे दूरवर पसरलेले मासे उरलेल्या डोहांत गोळा होतात. अशा डोहात जाळे टाकले की मासा भरपूर लागतो. नदीतील एकूण मासे निम्म्यावर आले तरी डोहातील गर्दी तशीच राहते, कारण डोहही कमी झालेले असतात. मिळकत टिकून आहे, असे वाटत असतानाच मासा संपत जातो. माझी आई हे शास्त्र शिकलेली नव्हती, पण ती म्हणे, “पोरी, पानी आटलं का मासा जमा होते, वाढत नाही.” कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर नेमके हेच घडले. तेथील कॉड मासा कमी होत असताना उरलेल्या थव्यांवर मोठ्या बोटींना चांगली मिळकत होत राहिली, मिळकतीच्या आकड्यांवर विश्वास ठेवला गेला, आणि १९९२ मध्ये मासेमारी पूर्ण बंद करण्याची पाळी आली. तेथे समुद्र होता आणि पैसा, बोटी व शास्त्रज्ञ यांची कमतरता नव्हती. आपल्या डोहांची कथा त्याहून लहान आहे, पण चूक तीच होऊ शकते. म्हणून मिळकतीच्या नोंदीबरोबर किती डोह उरले, त्यांची लांबी-रुंदी आणि उन्हाळ्यातील खोली किती, हेही दरवर्षी मोजले पाहिजे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत जेथे रेतीघाटांवर मर्यादेपेक्षा अधिक उपसा झाला आहे, तेथे पात्र खरवडले जाऊन डोहांचे आणि काठांच्या कपारींचे रूपच बदलते. शिवड्याची दिवसाची लपण्याची जागा तीच.

बाजार हे मोजणीचे तिसरे ठिकाण आहे, आणि तेथे बायकांची मदत घेतल्याशिवाय काम होणार नाही. मासा पकडतो पुरुष, पण किती मासा आला, कोणत्या घाटाचा आला, लहान किती आणि अंड्यावरचा किती, हे विकणारीला अधिक ठाऊक असते, कारण तिला भाव ठरवायचा असतो. शिवडा बहुधा तुकडे करून विकला जातो, त्यामुळे त्याची लांबी बाजारात मिळत नाही, असा आक्षेप कोणी घेईल. पण डोके मागे उरते. डोक्याची लांबी आणि पूर्ण माशाची लांबी यांचे प्रमाण एकदा अखंड माशांवरून काढून ठेवले, तर नुसत्या डोक्यावरून लांबीचा अंदाज बांधता येतो. निवृत्तीनंतर मी व माझ्या काही माजी विद्यार्थिनींनी दोन आठवडी बाजारांत अशी डोकी मोजण्यास सुरुवात केली. प्रारंभी विक्रेत्या हसल्या. पुढे त्यांनीच मोठी डोकी आमच्यासाठी बाजूला काढून ठेवण्यास सुरुवात केली. आमच्या वह्यांवरून जिल्ह्याविषयी निष्कर्ष काढण्याइतके धाडस मी करणार नाही, कारण दोन बाजार म्हणजे जिल्हा नव्हे. परंतु हे काम होऊ शकते, एवढे त्या वह्यांवरून निश्चित सांगता येते.

लांबीचे महत्त्व संख्येपेक्षा कमी नाही. ज्या पाण्यात लहान, मध्यम आणि मोठे अशा सर्व मापांचे शिवडे मिळतात, तेथे पिढ्या एकामागून एक येत आहेत. ज्या पाण्यात फक्त मोठे मिळतात, तेथे वीण थांबलेली असू शकते. आणि जेथे फक्त लहान मिळतात, तेथे मोठा होण्यापूर्वीच मासा उचलला जात आहे. वयही पाहावे लागेल. खवल्यांच्या माशांचे वय खवल्यांवरील वलयांवरून काढतात. शिवड्याला खवले नसल्यामुळे छातीजवळच्या परातील काट्याचा किंवा कानातील सूक्ष्म हाडाचा छेद पाहावा लागतो. हे प्रयोगशाळेचे काम आहे आणि नागपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय असताना त्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. पाण्याचा नमुना गाळून त्यातील जनुकीय अंशांवरून एखादी जात तेथे आहे की नाही हे ओळखण्याची नवी पद्धतही आता उपलब्ध आहे. ती उपयोगी आहे, पण मासा तेथे असल्याचे ती जितक्या खात्रीने सांगते, तितक्या खात्रीने त्याची संख्या ती सांगू शकत नाही. म्हणून तिला जाळे आणि वही यांची जागा देता येणार नाही.

आता प्रकृतीविषयी. माशाचे वजन त्याच्या लांबीच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. लांबी दुप्पट झाली तर वजन आठपटीच्या आसपास जाते. म्हणून लांबी आणि वजन या दोन मापांवरूनच मासा भरलेला आहे की खंगलेला, हे काढता येते. एकाच हंगामात, एकाच लांबीचा चुलबंदेतील शिवडा आणि गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यातील शिवडा तराजूवर ठेवले, तर कोणत्या पाण्यात त्याला पोटभर मिळते हे सांगण्यास यंत्र लागत नाही. एवढेच की अंड्यावरच्या मादीचे वजन वेगळे धरावे लागते, नाहीतर आषाढातील प्रत्येक मासा धष्टपुष्ट वाटेल. याखेरीज कल्ल्यांचा रंग, अंगावरील चट्टे व व्रण, परांची झीज, चिकटलेले परजीवी यांची नोंद घाटावरच करता येते. लाल चट्ट्यांच्या ज्या रोगाने भारतात १९८८ पासून गोड्या पाण्यातील माशांचे, विशेषतः मरळ माशाचे, फार नुकसान केले, तो पाणी थंड होऊ लागते त्या दिवसांत डोके वर काढतो. म्हणून कार्तिक ते पौष या काळात एक फेरी केवळ रोगासाठी असावी.

नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. गोसेखुर्दच्या जलाशयात हे पाणी साचते आणि जलपर्णीचे थर काठाकाठाने पसरतात, हे त्या बाजूने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. जलपर्णीखाली पहाटेच्या वेळी पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. दुपारी मोजला तर तो ठीक दिसतो. पाण्याची तपासणी कोणत्या वेळी केली, हे अहवालात लिहिलेले नसेल तर त्या अहवालावरून माशाचे काय होते ते कळणार नाही. कन्हानच्या खोऱ्यात औष्णिक वीज केंद्रे आहेत आणि जुलै २०२२ मध्ये कोराडी येथील राखेचा बंधारा फुटून राख नाल्यांत व नदीत उतरल्याच्या बातम्या आपल्याही वाचकांना आठवत असतील. पारा व अन्य जड धातू लहान माशांतून मोठ्या माशांत जाताना साठत जातात. शिवडा वरच्या टोकाचा शिकारी असल्यामुळे त्याच्या मांसाची तपासणी हा माशाच्या प्रकृतीचा प्रश्न आहे, तसाच तो खाणाऱ्यांच्या, म्हणजे सर्वांत आधी धिवरांच्या घरातील मुलांच्या, प्रकृतीचा प्रश्न आहे. ही तपासणी करून अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. मासा निर्धोक निघाला तर विक्रेत्या बायकांना त्याचा लाभच होईल.

नदी आता एकसंध राहिलेली नाही, हेही मोजणी आखताना ध्यानात घ्यावे लागेल. सिवनी जिल्ह्यातील मुंडारा येथे उगम पावलेल्या वैनगंगेवर तिकडेच भीमगडचे धरण आहे. मग गोंदिया जिल्ह्यात धापेवाडा, भंडारा जिल्ह्यात ज्याची पायाभरणी १९८८ मध्ये झाली ते गोसेखुर्द, गडचिरोलीत चिचडोह. आणि चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता झालेली ही नदी सिरोंच्याजवळ गोदावरीला भेटते, त्याच्या थोडे खाली मेडीगड्डाचा बॅरेज २०१९ पासून उभा आहे. पावसाळ्याच्या प्रारंभी शिवडा प्रवाहाविरुद्ध चढतो आणि पुराचे पाणी पसरलेल्या उथळ, गवताळ जागी अंडी घालतो. चढणीचे मासे नाल्यातून धानाच्या बांधीपर्यंत येत आणि रोवणीच्या दिवसांत मुले ते हातांनी धरीत, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. भिंतींनी तोडलेल्या नदीत वरचा शिवडा आणि खालचा शिवडा ही वेगवेगळी वस्ती समजून प्रत्येक तुकड्याची वेगळी मोजणी करावी. जलाशयात मोठ्या शिवड्याला खाणे भरपूर मिळत असेल आणि तो तेथे गुबगुबीतही असेल. पण त्याला चढायला नाला आणि वीण घालायला पुराची जागा उरली आहे का, हा प्रश्न वेगळा आहे. एका तुकड्यातील भरभराट दुसऱ्या तुकड्यातील ऱ्हास झाकू शकते. सरासरी काढणाऱ्यांनी हे विसरू नये.

नावांचा घोळ वरवर किरकोळ वाटतो, पण त्याने चांगली मोजणीही बिघडते. एका गावातील नाव पुढच्या गावात दुसऱ्याच माशाला दिलेले असते, आणि झाडीपट्टीत तर मराठी, हिंदी आणि गोंडी नावे एकाच बाजारात ऐकू येतात. म्हणून नोंदीच्या नमुन्यावर माशाचे रंगीत चित्र छापलेले असावे आणि त्याखाली ज्या गावात जे नाव चालते ते लिहून घ्यावे. जैवविविधता कायदा २००२ नुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या करावयाच्या आहेत. त्यांत माशांचे पान असे भरले गेले तर त्या नोंदवह्यांचे चीज होईल. राज्याच्या जैवविविधता मंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे. गडचिरोलीत ज्या ग्रामसभांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आहेत, त्या हक्कांत पाण्यातील मासळीचाही समावेश होतो, तेव्हा तेथे ग्रामसभेला विचारून आणि तिला सोबत घेऊनच डोहांची मोजणी करावी लागेल.

हे सर्व करण्यापूर्वी मत्स्यबीज सोडू नये असे मी का म्हणते, तेही स्पष्ट करते. तलावात आणि जलाशयात बीज सोडणे हा सहकारी संस्थांच्या उपजीविकेचा भाग आहे आणि त्याला माझा विरोध नाही. वाहत्या नदीत मात्र घटलेल्या माशाऐवजी भलत्याच माशाचे बीज सोडल्याने घटलेला मासा परत येत नाही. उद्या कोणी शिवड्याचेच बीज तयार करून सोडू म्हणेल. शिवड्याची पिल्ले एकमेकांना खातात, त्यामुळे त्यांना हौदात वाढवणे कठीण जाते. आणि ते साधले तरी बाहेरच्या खोऱ्यातील बीज आपल्या नदीत मिसळल्याने येथील वाणाचे काय होईल, हे आधी तपासावे लागेल. ज्या कारणाने मासा गेला ते कारण तसेच असेल, तर सोडलेले बीजही त्याच वाटेने जाईल. शिवाय मोजणीच्या मध्येच बीज सोडले तर पुढच्या वर्षीचा आकडा नदीने वाढवला की बीजाच्या पिशवीने, हे ओळखता येणार नाही. परदेशी मागूर पाळण्यास केंद्र सरकारने २००० मध्येच बंदी घातली, तरी तो आजही अधूनमधून जाळ्यात लागतो. एकदा पाण्यात गेलेला मासा परत बोलावता येत नाही, एवढा धडा त्यातून घेण्यास हरकत नसावी.

दुसरीकडे, मोजणी होण्यापूर्वीच शिवड्याच्या मासेमारीवर सरसकट बंदी घालावी, अशी मागणीही अधूनमधून होते. ती निसर्गप्रेमातून होते, हे मला मान्य आहे. पण विषप्रयोग आणि स्फोटके वापरून मासे मारण्यावर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. ती कसोशीने अमलात न आणता जाळे टाकणाऱ्या धिवराचेच हात बांधणे न्याय्य होणार नाही. मोजणीतून असे दिसले की अमुक नक्षत्रात अमुक नाल्यांच्या मुखाशी अंड्यावरच्या माद्या धरल्या जातात, तर तेवढ्या जागी तेवढे दिवस जाळे न टाकण्यास घाटावरचे धिवर स्वतःच तयार होतील, असा माझा अनुभव आहे. त्या दिवसांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई मात्र शासनाने द्यावी. किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये समुद्रातील मासेमारी बंद असते, हे सर्वांना ठाऊक आहे. नदीवरच्या माणसाच्या बंद दिवसांचा विचारही तितक्याच गांभीर्याने व्हावा.

म्हणून माझी विनंती अशी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत नदीच्या प्रत्येक तुकड्यावरील काही घाट आणि उपनद्यांवरील काही डोह निवडून तेथे किमान पाच वर्षे एकाच पद्धतीने शिवड्याची संख्या, लांबी, वजन आणि प्रकृती मोजली जावी. एका वर्षाचा आकडा पुराचा किंवा दुष्काळाचा असतो, माशाचा नसतो. मोजणारे म्हणून त्या-त्या घाटावरील धिवर व बाजारातील विक्रेत्या यांना रीतसर मजुरी देऊन नेमावे. त्यांच्या माहितीचा उपयोग करून घ्यायचा आणि अहवालात त्यांचा उल्लेख ‘स्थानिक लोक’ एवढाच करायचा, ही जुनी सवय आता सोडावी. खूण केलेला मासा परत आणून देणाऱ्यास लहानसे बक्षीस ठेवावे. आणि मासळीच्या शासकीय नमुन्यात ‘इतर’ या रकान्याच्या आधी शिवड्याचा स्वतंत्र रकाना, नदी आणि जलाशय वेगळे दाखवून, पुढील आर्थिक वर्षापासून सुरू करावा. या शेवटच्या गोष्टीला एका छापील ओळीपलीकडे काहीही खर्च नाही.

आमच्या दोन बाजारांच्या वह्या, डोक्याच्या मापांच्या नोंदी आणि गावागावांतील माशांच्या नावांची यादी मी या कामासाठी कोणत्याही महाविद्यालयाला किंवा विभागाला देण्यास तयार आहे. चुलबंदेचे डोह यंदाही वैशाखात वेगळे पडतील. पहिली खूण आणि दुसरे जाळे यांच्यामध्ये दोन आठवडे तरी जावे लागतात, तेव्हा जाळी, खुणा आणि माणसे यांची जुळवाजुळव अक्षय्य तृतीयेपर्यंत झाली, तरच मृग लागण्यापूर्वी दुसरी खेप पूर्ण होईल. ते साधले नाही, तर पहिल्या आकड्यासाठी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावे लागेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका
ता. पवनी, जि. भंडारा